एकच घोट

जी गोष्ट आपण जन्मांत केलेली नाहीं तिच्याविषयीं अधिकारवाणीनें बोलण्याची हौस सुशिक्षित मनुष्यास फार असते. मी ह्या नियमाला अपवाद नव्हतों. ३४ वर्षें मीं नागपुरांतील एका महाविद्यालयांत संस्कृत शिकविलें, आणि त्या अवधींत मद्यपानाच्या दुष्परिणामांवर निदान तितकींच व्याख्यानें दिलीं असतील. कचाची राख मद्यांतून पोटांत गेल्याचें कळल्यावर शुक्राचार्यांनीं ब्राह्मणांना मद्य वर्ज्य केलें, ही कथा मी दरवर्षीं सांगत असें. मौसलपर्वांतील यादवांचा अंत सांगतांना तर माझा आवाज हटकून जड होई. द्वारकेंत मद्य गाळण्यास बंदी केल्याची दवंडी पिटविली होती, तरी प्रभासक्षेत्रीं जाऊन यादव प्यालेच, हा तपशील विद्यार्थ्यांना विशेष आवडे. कारण दवंडी आणि तिचा परिणाम यांतील अंतर त्यांना घरोघरीं दिसत होतें. परंतु मद्याचा रंग कसा असतो, वास कसा असतो, तें जिभेवर कसें लागतें, हें मला ठाऊक नव्हतें. आणि ठाऊक नाहीं याचाच मला अभिमान होता.

अशा मनुष्यास ह्या वर्षीं फेब्रुवारी महिन्यांत एक निमंत्रण आलें. शहरांतील एका मोठ्या हॉटेलांत वाइनच्या परीक्षेची एक सायंकाळ योजिली होती. सहा प्रकार चाखावयाचे होते, आणि ते सहाही एकाच देशांतले, म्हणजे आपल्याच देशांतले, असावयाचे होते. निमंत्रण देणारा माझा पुतण्या. धाकट्या भावाचा हा मुलगा कृषिशास्त्राचा पदवीधर आहे. सहा वर्षांपूर्वीं त्याला नाशिककडे एका वायनरींत नोकरी लागली; तो तेथें द्राक्षांच्या मळ्यावर देखरेख करतो, आणि प्रसंगीं गांवोगांवीं जाऊन लोकांना वाइन चाखण्याची रीत शिकवितो. "काका, तुम्ही अगदीं शेवटच्या रांगेंत बसा. प्यायलेंच पाहिजे असें नाहीं. पण मी काय करतों तें घरच्या कुणीतरी एकदां येऊन पाहावें," असें तो म्हणाला. 'घरच्या कुणीतरी' ह्या दोन शब्दांत जी अडचण होती ती सांगितल्याशिवाय मला पुढें जातां येत नाहीं.

ती अडचण म्हणजे माझी आई. आज ती ८८ वर्षांची आहे. तिचा पाठचा भाऊ, आमचा नानामामा, महालांतल्या आमच्या जुन्या घरीं आमच्याबरोबरच राहत असे. तो एका कचेरींत कारकून होता. अक्षर मोत्यासारखें, आणि गळा अक्षराहून गोड. सकाळीं अंघोळ करतांना तो पद म्हणूं लागला कीं शेजारच्या घरांतलीं भांडीं घासण्याचा आवाज थांबत असे. हा झाला सकाळचा मामा. रात्रीचा मामा निराळा होता, आणि तो आम्हां मुलांच्या दृष्टीस पडूं नये म्हणून आई आम्हांला लवकर निजवीत असे. १९६९ सालीं तो गेला. त्याच्या मृत्यूचें कारण सर्वांना ठाऊक होतें आणि कुणीही तें उच्चारलें नाहीं. तेव्हांपासून आमच्या घरांत दारू हा शब्दसुद्धां निघत नसे. निघालाच तर 'ती वस्तू' एवढ्यावर भागे.

नातवाच्या नोकरीची वार्ता ऐकून आई रागावली नाहीं. ती शांतपणें म्हणाली, "तूं माझा नातू आहेस, माझ्या घरीं तुझें पान केव्हांही वाढलें जाईल. पण त्या पैशाचें कांहीं माझ्या उंबऱ्याच्या आंत आणूं नकोस." दुर्दैवानें पहिल्या पगारांतून त्यानें आजीसाठीं करवती कांठाची टसर साडी आधींच घेऊन ठेवली होती. ती साडी तिनें परत केली नाहीं, कारण परत केल्यानें पोराचा अपमान झाला असता. आणि नेसलीही नाहीं. ती त्याच कागदांत, त्याच दोऱ्यानें बांधलेली, सहा वर्षें तिच्या कपाटावर पडून होती. सणावारीं पुतण्या येई, जेवे, नमस्कार करून जाई. त्याची नजर एकदां कपाटाकडे वळे, आणि आम्ही सारे दुसरीकडे पाहूं लागत असूं.

आपल्या मध्यम वर्गाला मद्याची ओळख पेल्यांतून फारशी झालेली नाहीं. ती झाली रंगभूमीवरून. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजीं सावनेरास वारले. सावनेर नागपुराहून तासाभराच्या वाटेवर आहे. पुढच्याच महिन्यांत गंधर्व नाटक मंडळीनें बडोद्यास 'एकच प्याला' रंगभूमीवर आणलें. तें पाहावयास कर्ता उरला नव्हता. त्या नाटकानें आम्हांला सुधाकर दिला, सिंधू दिली, आणि तळीराम हें विशेषनाम असें कांहीं दिलें कीं त्याचें आतां सामान्यनाम होऊन बसलें आहे. मीं तें नाटक लहानपणीं धनवटे रंगमंदिरांत आईबरोबर पाहिलें. मामा जाऊन तेव्हां दोनच वर्षें झालीं होतीं. नाटक रंगांत आलें होतें, आजूबाजूच्या बायका पदरानें डोळे टिपीत होत्या, आणि आई एकाएकीं उठली. माझा हात धरून ती बाहेर आली. मीं रडत कारण विचारलें तेव्हां ती म्हणाली, "जें घरीं फुकट पाहिलें तें इथें तिकीट काढून कशाला पाहायचें?" गडकऱ्यांच्या त्या नाटकावर मीं पुढें पुष्कळ टीकालेख वाचले, ह्याहून मोठा अभिप्राय माझ्या वाचनांत आला नाहीं.

असो. शनिवारीं सायंकाळीं मी गेलों. आईला "पुतण्याचें व्याख्यान आहे" एवढेंच सांगितलें. तें असत्य नव्हतें. परंतु अर्धसत्य उच्चारतांना घशाला जी एक कोरड पडते ती मला पडली होती.

दाराशीं प्रथम परवान्याचा सोपस्कार झाला. आपल्या राज्यांत मद्यपानास परवाना लागतो ही गोष्ट पिणाऱ्यांपैकीं कित्येकांना ठाऊक नसते, मग माझ्यासारख्याची कथा काय! १९४९ च्या दारूबंदीच्या कायद्याचा हा वारसा आहे. एका काळीं मुंबईंत प्रकृतीच्या कारणास्तव परवाने मिळत असत, आणि त्या दिवसांत पुष्कळ धडधाकट माणसांच्या प्रकृती कागदोपत्रीं एकाएकीं नाजूक झाल्या होत्या असें जुने लोक सांगतात. आमच्या विदर्भांत तर ह्या बाबतींत पावलापावलावर कायदा बदलतो. वर्धा जिल्हा गांधींचा आणि विनोबांचा. तेथें अनेक दशकें दारूबंदी आहे. गडचिरोलींत ती १९९३ पासून आहे. चंद्रपुरांत ती २०१५ सालीं आली आणि २०२१ सालीं उठली. त्यामुळें नागपुराहून निघालेल्या मोटारींतील एकाच बाटलीला पहिल्या तासाभरांत सभ्य प्रवासी म्हणावें आणि पुढच्या तासाला गुन्हेगार म्हणावें असा प्रकार होतो. परवान्यावर सही करतांना माझा हात किंचित् कांपला. ६६ वर्षें जपलेली एक कोरी पाटी मीं आपल्या हातानें पुसून टाकली असें मला वाटलें.

तीसेक मंडळी जमलीं होतीं. डॉक्टर होते, वकील होते, दोघी-तिघी तरुण स्त्रिया होत्या, एक सेवानिवृत्त न्यायाधीशही होते. प्रत्येकासमोर पांढरा कागद अंथरून त्यावर सहा उंच पेले मांडले होते, आणि दोन खुर्च्यांमध्यें एकेक झांकणाचें भांडें ठेवलें होतें. त्याचा उपयोग मला पुढें कळला. पुतण्या उभा राहिला. घरीं खालीं मान घालून जेवणारा मुलगा तो हाच काय, असें मला क्षणभर वाटलें. तो म्हणाला, "आज आपण एकाच देशांतल्या सहा वाइन चाखणार आहों. एकच देश कां, तर वाइन ही प्रथम जागा सांगते आणि मग स्वतःचें नांव सांगते."

हें वाक्य ऐकतांच माझ्यांतला मास्तर जागा झाला. हीच गोष्ट कौटिल्यानें सांगितलेली आहे! अर्थशास्त्राच्या सुराध्यक्षाच्या प्रकरणांत तो मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे मद्याचे सहा प्रकार देतो. त्यांपैकीं मधु म्हणजे द्राक्षांच्या रसाचें मद्य. आणि त्याची ओळख त्याच्या देशावरूनच करावी असें सांगून तो कापिशायन व हारहूरक हीं दोन नांवें देतो. कापिशी म्हणजे आजच्या अफगाणिस्तानांतील बेग्रामजवळची प्राचीन नगरी; पाणिनीला तिच्यासाठीं एक स्वतंत्र सूत्र करावें लागलें. पाटलिपुत्राच्या नागरिकाला द्राक्षमद्य म्हटलें कीं तो दूरचा डोंगराळ मुलूख आठवावा, अशी ही योजना होती. त्याच प्रकरणांत असेंही आहे कीं ज्याच्या शुद्ध वर्तनाची खात्री आहे अशालाच थोडेंसें मद्य बाहेर नेऊं द्यावें. खालच्या मजल्यावर सही केलेला परवाना मला खिशांत जरा कमी टोंचूं लागला.

पुतण्यानें पुढें मळ्याची हकीकत सांगितली, आणि ती मला त्या सायंकाळचा सर्वांत मोलाचा भाग वाटली. युरोपांत द्राक्षाचा वेल हिवाळ्यांत बर्फाखालीं निजतो. आपल्याकडे त्याला झोप अशी येतच नाहीं. तेव्हां त्याला सुरीनें शिस्त लावावी लागते. एप्रिलांत खरड छाटणी करावयाची, तिनें काडी तयार होते. ऑक्टोबरांत गोडी छाटणी करावयाची, तिनें फळ धरतें. दोन छाटण्या, आणि पीक मात्र एकच. युरोपांत तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरांत होते. नाशिकला ती जानेवारीपासून मार्चपर्यंत चालते, कारण तेव्हां रात्री थंड असतात आणि समुद्रसपाटीपासून ६०० मीटरांच्या आसपास असलेल्या त्या पठारावर फळांतला आंबटपणा टिकून राहतो. आम्हां नागपूरकरांना ही भाषा परकी नव्हती. संत्र्याच्या बागेचें पाणी तोडून झाडाला ताण द्यावयाचा आणि मग मृग किंवा आंबिया बहार धरावयाचा, हें आमच्या भागांतलें पोरही जाणतें. गोडपणासाठीं झाडाला छळावें लागतें, हा शेतीचा नियम कडू आहे खरा.

पुढें थोडा इतिहास झाला. १९८० नंतरच्या दशकांत नारायणगांवाजवळ फ्रेंच तज्ज्ञांच्या साह्यानें फेसाळ वाइन होऊं लागली. कर्नाटकांत नंदी टेकड्यांच्या परिसरांत ग्रोव्हर यांनीं फ्रेंच जातींचे वेल लावले. २००० सालीं नाशिकच्या सुलाची पहिली वाइन बाजारांत आली, आणि २००१ सालीं महाराष्ट्र सरकारनें द्राक्षप्रक्रियेचें धोरण आंखून ह्या धंद्याला सवलती दिल्या. 'नाशिक व्हॅली वाइन' ह्या नांवाला आज आमच्या संत्र्याप्रमाणेंच भौगोलिक मानांकन आहे. सुला हें नांव संस्थापक राजीव सामंत यांच्या आईच्या, सुलभा ह्या, नांवावरून घेतलेलें आहे. सोलापूर जिल्ह्यांत अकलूज येथें इटालियन भागीदारांसह निघालेल्या दुसऱ्या एका वायनरीचें नांव फ्रातेल्ली. त्याचा अर्थ त्या भाषेंत 'भाऊ' असा होतो. एका मद्याला आईचें नांव, दुसऱ्याला भावांचें! श्रोत्यांना त्याचें कौतुक वाटलें. माझ्या डोळ्यांपुढें मात्र दुसरीच आई आणि दुसराच भाऊ उभा राहिला.

मग प्रत्यक्ष परीक्षा सुरू झाली. पेला तिरका करून पांढऱ्या कागदावर रंग पाहावयाचा. हलकेंच घोळवून नाकाशीं न्यावयाचा. मग लहानसा घोट घेऊन तो जिभेवर सर्वत्र फिरवावयाचा, आणि शेवटीं, माझ्या आश्चर्याला पार राहिला नाहीं, तो समोरच्या भांड्यांत थुंकून टाकावयाचा! एवढ्या महाग वस्तूची ही गति पाहून मला प्रथम हंसूं आलें. ज्या शहरांत खर्रा खाऊन चालत्या वाहनावरून अचूक पिंक टाकण्याची विद्या पानठेल्यापानठेल्यावर शिकविली जाते तेथें ह्या कामीं शिक्षकाची काय गरज, असें शेजारचे वकील माझ्या कानांत कुजबुजले. पण पुतण्या गंभीर होता. "गिळलें कीं तिसऱ्या पेल्यानंतर जीभ खोटें बोलूं लागते," तो म्हणाला. मला हें वाक्य फार आवडलें. तीन पेल्यांनंतर माणूस खोटें बोलतो हें मला ठाऊक होतें. जीभ स्वतःच्याच मालकाशीं खोटें बोलते हें नवीन होतें.

पहिली फेसाळ होती. दुसरी शेनिन ब्लाँ. तिसरी सोव्हिन्यों ब्लाँ. तिसरीला ढोबळ्या मिरचीचा आणि ओल्या गवताचा वास येतो असें पुतण्या म्हणाला तेव्हां मीं तें कविकल्पनेंत जमा केलें. परंतु त्यानें खुलासा केला कीं ढोबळ्या मिरचींत जें पायराझिन जातीचें द्रव्य असतें तेंच ह्या द्राक्षांतही असतें. आणि शिराझ ह्या लाल वाइनला मिऱ्याचा जो वास येतो तो रोटंडोन नांवाच्या द्रव्याचा, हें २००८ सालीं ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं शोधून काढलें. मिऱ्यांतही तेंच द्रव्य असतें. म्हणजे उपमा देणाऱ्यानें येथें उपमा दिलेली नाहीं, ओळख पटविली आहे. आयुष्यभर अलंकारशास्त्र शिकविलेल्या मनुष्यास हा एक नवाच धडा होता.

कुणीतरी विचारलें, "सावजीच्या मटणाबरोबर कोणती?" सारे हंसले. पुतण्यानें मात्र नीट उत्तर दिलें: जहाल तिखटाबरोबर तुरट लाल वाइन घेतली तर तिखटाची आग अधिकच भडकते, थंड, किंचित् गोड शेनिन बरी. दुसऱ्यानें विचारलें कीं लाल वाइन खोलीच्या उष्णतेवर द्यावी असें पुस्तकांत म्हणतात, तें आम्हीं मे महिन्यांत कसें करावें? तेव्हां ती खोली जुन्या युरोपांतली, सोळा-अठरा अंशांची. पंचेचाळीस अंशांच्या नागपुरांतली नव्हे, असा खुलासा झाला. न्यायाधीश महाशयांनीं जानेवारी २०२२ ची आठवण काढली. मोठ्या दुकानांतून वाइन विकूं देण्याचा निर्णय राज्याच्या मंत्रिमंडळानें घेतला, अण्णा हजाऱ्यांनीं उपोषणाचा इशारा दिला, आणि ही शेतकऱ्याच्या घामाची वस्तू कीं दारूच, यावर घरोघर वाद झाले. न्यायाधीशांनीं निकाल मात्र दिला नाहीं.

एक गोष्ट कुणी काढली नाहीं, ती माझ्या मनांत आली. मातीचा आणि हवेचा गुण पेल्यांत उतरतो, हें खरें असेल तर आमच्या मातीचा पेला कोणता? पुढच्याच महिन्यांत विदर्भाच्या रानांत मोहाचीं फुलें गळूं लागणार होतीं. पहांटे बायकापोरें टोपल्या घेऊन तीं वेंचणार होतीं. गोंडांच्या घरीं तें फूल अन्नही असतें आणि देवाचा नैवेद्यही असतो. पण त्याच मोहाची रात्रीं गाळलेली धार शहराच्या कडेला येऊन काय करते हें मीं महालांतल्या घरीं पाहिलें होतें. द्राक्षाला उंच पेला, पांढरा कागद आणि थुंकण्याचें भांडें मिळालें; मोहाला तें मिळालें नाहीं. वस्तूंतही कुलीन आणि अकुलीन असतात. आणि कुलीनांचे अपराध पाहण्याचे आपले डोळे थोडे मंद असतात.

चवथा पेला शिराझचा होता. "नुसता वास घ्या. घाई करूं नका," पुतण्या म्हणाला. मीं पेला नाकाशीं नेला. मिरें आलें, जांभळासारखें कांहींतरी आलें, आणि त्या सर्वांच्या खालून एक उष्ण, झोंबणारी वाफ आली. ती मात्र मला नवीन नव्हती. महालांतल्या घराचा अरुंद बोळ, कोपऱ्यांतला पिवळा दिवा, आणि दाराशीं उभी असलेली आई, हें सारें एका क्षणांत माझ्यासमोर उभें राहिलें. मी निजलों आहें असें तिला वाटे. मी पांघरुणांतून पाहत असें. मामाची पावलें वाजलीं कीं ती कडी काढी, आणि तो उंबरा ओलांडण्यापूर्वीं एक श्वास घेई. त्या एका श्वासांत तिला सारें कळत असे: आज मोहाची आहे कीं दुकानची, आज मित्रानें पाजली कीं पगारांतली गेली, आज ताट वाढावें, कीं नुसतें पाणी देऊन निजवावें. त्या दिवाणखान्यांतल्या तीस माणसांना जी विद्या दोन तासांत शिकविली जात होती ती माझ्या आईनें एकही थेंब न चाखतां अकरा वर्षें त्या दाराशीं उभें राहून संपादिली होती. तिच्यापुढें कुणी पांढरा कागद अंथरला नव्हता.

ह्या विचारांत असतांना हातांतल्या पेल्यांतला घोट मीं केव्हां घेतला आणि केव्हां गिळला, मला कळलें नाहीं. समोरचें भांडें तसेंच राहिलें. छातींत एक ऊब उतरत गेली. ती वाईट लागली असें लिहिलें तर तें खोटें होईल. ती चांगली लागली. आणि मला भय वाटलें तें त्याचेंच. इतकीं वर्षें मी समजत होतों कीं मामा एका घाणेरड्या वस्तूला बळी पडला. ती वस्तू सुखद आहे, हें मला त्या क्षणापर्यंत कुणीच सांगितलें नव्हतें; आणि तें ठाऊक नसल्यामुळें मीं त्याला कधीं समजूनही घेतलें नव्हतें. उरलेले दोन पेले मीं केवळ नाकानें पाहिले.

घरीं आलों तेव्हां आई जागी होती.

"काय रे, प्यालास?" तिनें विचारलें. व्याख्यानाविषयीं ती एक अक्षरही बोलली नाहीं.

"एकच घोट," मी म्हणालों.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "नानाही तेवढेंच म्हणे."

ह्यावर बोलण्यासारखें माझ्याजवळ कांहीं नव्हतें. तिच्या उशाशीं औषधाच्या बाटल्या होत्या, त्यांतल्या द्राक्षासवावर माझी नजर गेली. त्यांतही आपोआप तयार झालेलें मद्य असतें आणि तसें त्या बाटलीच्या कागदावर छापलेलें असतें, ही माहिती मला त्याच सायंकाळीं मिळाली होती. माझी नजर कोठें आहे हें तिनें ओळखलें. "मला ठाऊक आहे," ती म्हणाली, "वैद्यांनींच सांगितलें होतें. पण चमचा भरला कीं काम संपतें. पेला संपला कीं लोक तो पुन्हां भरतात."

मग बऱ्याच वेळानें, भिंतीकडे तोंड करून, तिनें विचारलें, "पोर कसा बोलला?"

"फार चांगला बोलला. मला अभिमान वाटला."

"आणि तो? तो पितो?"

"सहाही वेळां त्यानें थुंकून टाकलें. मी पाहत होतों."

"नीट पाहिलेंस?"

"नीट पाहिलें, आई."

दुसऱ्या दिवशीं सकाळीं परत जाण्यापूर्वीं पुतण्या जेवावयास आला. येतांना त्यानें एका कागदी पिशवींत मळ्यांतलीं द्राक्षें आणलीं होतीं. वाइनचीं द्राक्षें बाजारांतल्या द्राक्षांसारखीं नसतात. दाणा लहान, साल जाड, आंत बिया. त्यानें ती पिशवी उंबऱ्याबाहेरच ठेवली आणि आंत येऊन आजीला वांकून नमस्कार केला. तो उठूं लागला तेव्हां आईनें त्याचें तोंड दोन्हीं हातांत धरलें आणि आपल्या तोंडाजवळ ओढलें. पाहणाऱ्याला तें आजीचें प्रेम वाटलें असतें, आणि तें प्रेम होतेंच; परंतु मीं तो श्वास ओळखला. पन्नासांहून अधिक वर्षांपूर्वीं पांघरुणांतून मीं तो ऐकला होता. क्षणभर तिचे हात तसेच राहिले. मग बोटें सैल पडलीं, आणि त्यांनीं त्याच्या गालावरून दोनदां हात फिरविला.

"बाहेर काय ठेवलेंस तें आंत आण," ती म्हणाली.

त्यानें एक घड धुऊन तिच्यासमोर ठेवला. तिनें एक दाणा तोंडांत घातला, सावकाश घोळविला, आणि बी हातावर काढून ठेवली. "गोड आहे रे," ती म्हणाली. "अगदीं गोड आहे. तुम्हांला एवढ्यावर कां थांबवत नाहीं?"

पुतण्यापाशीं ह्याचें उत्तर नव्हतें, आणि माझ्यापाशींही नव्हतें. कौटिल्यानें, सरकारनें, नाटककारानें ह्या प्रश्नाचीं नाना उत्तरें देऊन पाहिलीं. आईनें तो प्रश्न ज्या जागेवरून विचारला तेथें त्यांपैकीं एकही पोंचत नाहीं. पण तिनें आणखी चार दाणे खाल्ले, आणि मग स्वतः उठून नातवाचें पान वाढलें.

ती साडी अद्याप कुणी नेसलेलें नाहीं. मात्र गेल्या आठवड्यांत मी बाहेरून आलों तों अंगणांतल्या दोरीवर तिचा करवती कांठ दिसला. मीं विचारण्यापूर्वींच आई म्हणाली, "कसर लागेल म्हणून उन्हांत घातली. दुसरें कांहीं नाहीं."